जुना वाडा, पालिकेची यादी आणि मालकाचा खिसा

मामांचा वाडा पालिकेच्या हेरिटेज यादीत आहे, हे त्यात जन्म काढलेल्या माणसांना ठाऊकच नव्हतं. कळलं तेव्हा थोरल्या मामांनी पुढच्या ओसरीत दुकान काढून शटर बसवायला घेतलं होतं. घरात लगेच दोन तट पडले. मामी म्हणाल्या, "आता खिळा ठोकायचा तरी पालिकेत जाऊन विचारा." धाकटे मामा खूश, "बरं झालं, आता दुरुस्ती पालिकाच करून देईल." दोघांचेही अंदाज चुकले. पुढे काही वर्षं त्या फायलीमागे मी फिरलो, मग ओळखीच्यांच्या आणखी दोन-चार फायलींमागे. त्या फिरण्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय.

हे लिहिलंय ते पहिल्यांदाच या वाटेला लागणाऱ्यांसाठी. म्हणजे ज्यांच्या वाट्याला वाडा, बंगला किंवा चाळीतला हिस्सा आलाय ते, आणि गल्लीतली जुनी वास्तू उद्या पडेल म्हणून ज्यांच्या पोटात कालवतंय ते शेजारीही. दाखले पुण्या-मुंबईचे आहेत. राज्यातल्या इतर शहरांतही नियमांचा सांगाडा तोच असतो, फक्त यादी आणि समिती स्थानिक असते.

आधी बघा, यादी कुणाची

"आमचं घर हेरिटेजमध्ये आहे" असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा, कुणाच्या? याद्या तीन असतात आणि त्यांचे कायदे, कचेऱ्या, जाच सगळं वेगवेगळं.

पहिली यादी केंद्राची, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची. १९५८ च्या कायद्याखाली शनिवारवाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस या वास्तू राष्ट्रीय संरक्षित स्मारकं आहेत. तुमचं घर स्मारक नसेल, पण स्मारकाच्या शेजारी असेल, तरी तुम्ही यात सापडता. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधकामावर नियंत्रण आहे. शनिवारवाड्याभोवतीच्या पेठांमधले लोक याच नियमाच्या नावानं बोटं मोडतात आणि त्यात तथ्यही आहे. मात्र १०० मीटरच्या आत दुरुस्ती आणि डागडुजी परवानगीनं करता येते, हे पुष्कळांना माहीतच नसतं. मनाई नव्या बांधकामाला आहे, कौलं शाकारायला नाही.

दुसरी यादी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाची, १९६० च्या कायद्याखालची. किल्ले, मंदिरं, लेणी, समाध्या असं बरंच काही तिच्यात येतं. खासगी राहतं घर क्वचितच.

तिसरी यादी महापालिकेची किंवा नगरपालिकेची. आपल्यासारख्यांचा संबंध बहुतेक वेळा हिच्याशीच येतो, आणि यापुढे मी हिच्याबद्दलच बोलणार आहे. तिचा आधार पुरातत्त्वाचा कायदा नाही. तो आहे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. फरक महत्त्वाचा आहे. पुरातत्त्व खातं वास्तूला स्मारक समजतं. पालिका तिला शहरातली एक वापरातली मिळकत समजते, जिथे माणसं राहतात, धंदा करतात, घरपट्टी भरतात. म्हणूनच पालिकेच्या नियमात देवाणघेवाणीला जागा आहे.

याची सुरुवात मुंबईत झाली. श्याम चैनानी आणि त्यांच्या बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी हेरिटेज नियमावली लागू झाली. विकास नियंत्रण नियमावलीतला तो ६७ क्रमांकाचा नियम. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर तिच्या यादीत होते. शहराच्या नियोजन नियमांतून वारसा राखण्याचा देशातला हा पहिला मोठा प्रयोग. आता मुंबईला २०३४ च्या आराखड्याची नियमावली लागू आहे आणि तिथे हा विषय ५२ व्या नियमात आहे. मुंबई आणि आणखी काही मोजके प्रदेश सोडले तर बाकीच्या महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासूनची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यातही हेरिटेजचं प्रकरण आहे आणि ते बरंचसं मुंबईच्या वळणानं लिहिलेलं आहे.

यादी बघायला पालिकेच्या संकेतस्थळावर जा. विकास आराखड्याच्या कागदपत्रांत ती जोडलेली असते. सापडली नाही तर (आणि बऱ्याच नगरपालिकांची सापडत नाही) माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्जात तीनच गोष्टी मागा: मंजूर हेरिटेज यादीची प्रत, तुमच्या सिटी सर्व्हे क्रमांकाची त्यातली नोंद आणि समिती नेमल्याच्या आदेशाची प्रत. तिसरी मागणी मुद्दाम करायची. काही गावांत यादी असते, समिती नसते, आणि मग तुमचा अर्ज कुणासमोर जाणार हा प्रश्न उभा राहतो.

एक गोम लक्षात ठेवा. घर स्वतः यादीत नसेल, पण हेरिटेज परिसरात असेल, तरी नियम लागू होतात. गिरगावातल्या खोताची वाडीसारख्या ठिकाणी खरं मोल एकेका घराचं नाहीच. ते आहे त्या अरुंद गल्लीचं, लाकडी सज्ज्यांचं, अंगणातल्या क्रुसाचं, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या त्या सगळ्या घरांचं. त्यातलं एक पाडून तिथे टॉवर उभा केला तर उरलेल्यांचंही काहीतरी जातं.

ग्रेड म्हणजे काय, आणि काय नाही

ग्रेड म्हणजे वास्तू किती सुंदर आहे याचे गुण असं लोक समजतात. ते तसं नाही. तुम्हाला कशाकशाला हात लावता येईल, हे ग्रेड सांगतो.

ग्रेड एक म्हणजे राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वास्तू. तिथे आत-बाहेर काहीही बदलायचं नाही. वास्तूला बळकटी देण्यासाठी, तिचं आयुष्य वाढवण्यासाठी जे अटळ असेल तेवढंच, तेही कमीत कमी. आसपासच्या बांधकामावरसुद्धा नजर असते, कारण त्या वास्तूचं दर्शन झाकलं जाऊ नये.

ग्रेड दोन म्हणजे प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्व. त्याचे अ आणि ब असे दोन भाग आहेत. दोन-अ मध्ये आतले बदल आणि नवा वापर सर्वसाधारणपणे चालतो, बाहेरच्या रूपाची मात्र कसून छाननी होते. दोन-ब मध्ये याशिवाय त्याच आवारात जोडबांधकाम किंवा वेगळी इमारतही होऊ शकते. अट एवढीच की ती मूळ वास्तूशी विसंगत दिसता कामा नये.

ग्रेड तीन म्हणजे रस्त्याच्या, वस्तीच्या चेहऱ्यासाठी महत्त्वाची वास्तू. इथे आत-बाहेर बदल, वाढीव बांधकाम, सगळ्याला वाव आहे. इमारत खरोखरच मोडकळीला आली असेल किंवा आगीत गेली असेल तर पुनर्बांधणीसुद्धा.

म्हणजे मामींची खिळ्याची भीती ग्रेड एकच्या घरात थोडीफार खरी ठरली असती. मामांचा वाडा ग्रेड तीन. शटरला नकार मिळाला, तो दर्शनी महिरप आणि लाकडी खांब झाकले जात होते म्हणून. आतल्या बाजूनं उघडणारी लाकडी फळ्यांची दारं सुचवली, ती मंजूर झाली. दुकान आजही चालतंय, आणि शटरपेक्षा त्या फळ्यांकडे बघून गिऱ्हाईक जास्त थांबतं असं मामाच सांगतात.

मुंबईत ग्रेड तीनमध्ये एक मोठं भगदाड आहे. जुन्या उपकरप्राप्त इमारती, ज्यांच्यावर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा सेस बसतो, त्यांतल्या ग्रेड तीनच्या पुनर्विकासाला १९९९ मध्ये हेरिटेज समितीच्या परवानगीतून सूट मिळाली. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवीचा चेहरा झपाट्यानं का बदलला याचं बरंचसं उत्तर त्या एका सवलतीत आहे. भाडेकरूंना पक्कं घर मिळालं, हेही खरं. त्यांना नावं ठेवायचा हक्क निदान मला तरी आहे असं वाटत नाही, मी कधी पावसाळ्यात टेकू लावलेल्या माडीखाली झोपलो नाही.

यादीत नसेल आणि यावं असं वाटत असेल तर

पालिकेला पत्र लिहा. पण "आमचा वाडा फार जुना आहे" एवढ्यानं काही होत नाही. यादीत घेण्याचे निकष नियमावलीत लिहिलेले आहेत आणि तुमचं पत्र त्यांच्याच भाषेत बोललं पाहिजे. वास्तुशिल्पाचं, इतिहासाचं किंवा संस्कृतीचं मोल. काळ, रचना किंवा वेगळा वापर. सामाजिक-आर्थिक इतिहासाशी नातं. नामवंत व्यक्तीशी किंवा घटनेशी संबंध. एखाद्या समाजाच्या राहणीचा नमुना. शैलींच्या साखळीतला असा दुवा, जो निखळला तर साखळी तुटेल. समूहातलं स्थान. बांधकामाचं तंत्र. शिवाय मोकळ्या जागा आणि दृश्यरेषाही. यांतले दोन-तीन निकष पक्के धरा. सगळेच भरलेत असा दावा केला तर एकही कुणी मनावर घेत नाही.

सोबत जोडायच्या गोष्टी: मिळकत पत्रिका, सिटी सर्व्हेचा नकाशा, चारही बाजूंचे फोटो, आतले दिंडी दरवाजा, चौक, कडीपाट, कोनाडे, जिना यांचे फोटो, आणि सापडलेच तर जुने फोटो किंवा करारपत्रं. लग्नाचे अल्बम उघडा. आमच्या वाड्याच्या मूळ सज्ज्याचा एकमेव पुरावा मावशीच्या लग्नातल्या एका फोटोत निघाला, वरातीच्या मागे.

मग पालिका जाहीर नोटीस काढते, हरकती आणि सूचना मागवते, त्या ऐकते आणि मगच यादी मंजुरीला जाते. नोटिशीत मुदत छापलेली असते, ती भिंतीवर लिहून ठेवा. मालकांना माझं सांगणं असं, की हरकत घ्यायची असेल तर ग्रेडवर घ्या. "यादीतच नको" यापेक्षा "दोन-ब नको, तीन द्या, कारण मागची निम्मी बाजू नंतर बांधलेली आहे" असं म्हणणारा माणूस गांभीर्यानं ऐकला जातो.

रंगाचा डबा उघडण्यापूर्वी

यादीतल्या वास्तूत काय काय परवानगीशिवाय करायचं नाही, ते नियमात स्पष्ट आहे. भर घालणं, बदल करणं, दुरुस्ती, नूतनीकरण, गिलावा, वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणं, कुठलाही भाग पाडणं आणि रंग देणंसुद्धा. हो, रंगसुद्धा. दिवाळीच्या आधी ठेकेदारानं परस्पर ऑइल पेंट फासलेल्या दगडी भिंती मी पाहिल्या आहेत. तो काढायला लावण्याइतका खर्च करवत नाही आणि ठेवला तर दगड आतून घामेजत राहतो.

अर्ज आयुक्तांच्या नावे जातो, ते तो हेरिटेज संवर्धन समितीकडे पाठवतात. समितीत वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर, इतिहासाचे जाणकार असे लोक असतात. समितीचा सल्ला आयुक्तांनी सर्वसाधारणपणे पाळायचा असतो. वेगळा निर्णय घ्यायचा झाला तर कारणं लिहून. ती लेखी कारणं मागायचा तुम्हाला हक्क आहे. पुण्यात महापालिकेचा हेरिटेज सेल आहे, तिथे औपचारिक अर्जाच्या आधी एकदा कच्चा आराखडा दाखवून या. अर्धं काम तिथेच होतं.

चांगल्या अर्जात तीन नकाशे लागतात: आज आहे तसा, बदल कुठे ते दाखवणारा आणि झाल्यावर कसा दिसेल तो. आणि कामाची पद्धत चार ओळींत: चुना वापरणार की सिमेंट, लाकूड जोडणार की बदलणार, जुन्या विटा ठेवणार की टाकणार. "दुरुस्ती करणे" एवढंच लिहिलेला अर्ज फिरत राहतो. आर्किटेक्ट घ्याल तो जुन्या लाकडी सांगाड्याचं काम केलेला घ्या, आणि त्यानं केलेली वास्तू प्रत्यक्ष बघून या. स्ट्रक्चरल ऑडिटचंही तसंच. फक्त आरसीसी तपासलेला इंजिनिअर सागवानी तुळई बघून धास्तावतो आणि सरळ "धोकादायक" लिहून मोकळा होतो.

प्रत्येक कागद आवक शिक्का मारून द्या आणि पोच जपा. आमची एक फाइल कचेरीच्या स्थलांतरात चक्क हरवली. शिक्क्याची झेरॉक्स नसती तर पुन्हा पहिल्यापासून. परवानगी नाकारली गेली तर एमआरटीपीच्या ४७ व्या कलमाखाली राज्य सरकारकडे अपील करता येतं, निर्णय कळल्यापासून ४० दिवसांत. ही मुदत भांडणात आणि रुसव्यात कधी निघून जाते कळत नाही.

आता पैशाचं बोलू

नुसत्या मनाईनं वास्तू वाचत नाही. काळा घोड्याजवळचं एस्प्लनेड मॅन्शन आठवा, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. १८६० च्या दशकात इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभं राहिलं. ७ जुलै १८९६ ला भारतातला पहिला सिनेमा तिथे दाखवला गेला. हेरिटेज यादीत वरचा ग्रेड, जगभरच्या जाणकारांचं लक्ष, सगळं होतं. पण मालक खर्च करीना, भाडं नाममात्र, भाडेकरू सोडीनात, आणि इमारत वर्षानुवर्षं किडत राहिली. २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली, आणि पाडायची की सावरायची यावर न्यायालयात खल सुरू झाला. तिथे हात लावायला मनाई नक्कीच होती. देखभाल कुणी करायची आणि कशाच्या जोरावर, एवढंच कुणी ठरवलेलं नव्हतं.

म्हणून मालकानं नियमावलीतला प्रोत्साहनाचा भाग आधी वाचावा. बहुतेक जण मनाईचा भाग वाचून रागानं बंद करतात.

पहिली सवलत वापराची. मालकानं वास्तू आहे तशी राखण्याचं आणि वेळच्या वेळी दुरुस्त करण्याचं मान्य केलं, तर समितीच्या संमतीनं बिगर-व्यापारी जागेचा काही भाग किंवा सगळीच जागा व्यापारी किंवा कार्यालयीन वापराला आणता येते. राहत्या माजघराचं कॉफी हाउस, माडीवर एखादा स्टुडिओ, चौकात छोटेखानी बैठका, हे या वाटेनं कायदेशीर होतं. पण ही सवलत टांगती आहे. वास्तूची निगा राखली नाही किंवा तिचं रूप बिघडवलं तर आयुक्त ती काढून घेऊ शकतात. माझ्या मते हा नियमावलीतला सगळ्यात शहाणा परिच्छेद आहे, कारण त्यात वाडा राखणं आणि वाड्यातून कमावणं एकाच दोरीला बांधलंय.

दुसरी सवलत टीडीआरची, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काची. हेरिटेजच्या बंधनामुळे तुमचा बांधकामाचा हक्क बुडाला, तर तेवढा हक्क तुम्हाला प्रमाणपत्राच्या रूपात मिळतो आणि तो दुसरीकडे बांधणाऱ्याला विकता येतो. उदाहरण घ्या. मुंबई शहर भागात ६०० चौरस मीटरचा प्लॉट, मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, एफएसआय) १.३३, म्हणजे ७९८ चौरस मीटर बांधता आलं असतं. उभी असलेली जुनी वास्तू ५०० चौरस मीटर. वर मजले चढवायला समितीनं नकार दिला, तर जे २९८ चौरस मीटर कागदावर अडकले, त्यांचा हा हिशोब. प्रत्यक्षात दोन्ही जागांचे रेडी रेकनर दर (सरकारनं ठरवलेले जागेचे भाव), नियमांतल्या अटी आणि बाजारभाव यांनी आकडा वरखाली होतो. टीडीआरचा बाजार पडलेला असला की प्रमाणपत्र कपाटात पडून राहतं, हेही बघितलंय. त्यामुळे टीडीआर येईल मग दुरुस्ती करू, असं म्हणत बसू नका.

तिसरा मार्ग दुरुस्ती निधीचा. यादीतल्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी पालिका वेगळा निधी उभारू शकते आणि आयुक्त समितीच्या सल्ल्यानं तो वाटू शकतात, अशी तरतूद मुंबईच्या नियमावलीत पहिल्यापासून आहे. धाकट्या मामांची आशा इथून आली असावी. तुमच्या शहरात असा निधी आहे का, त्यात गेल्या अंदाजपत्रकात किती रक्कम ठेवली होती, हे नगरसेवकाला विचारा. अंदाजपत्रकाच्या आधी विचारा, नंतर नाही.

चौथा, कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारती आणि जागांची दुरुस्ती स्पष्टपणे धरलेली आहे. मात्र तो पैसा नोंदणीकृत न्यासाकडे जातो, तुमच्यासारख्या घरमालकाच्या खात्यात नाही. मंदिर, ग्रंथालय, शाळा, धर्मशाळा चालवणाऱ्या विश्वस्तांनी इकडे नक्की बघावं. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय पालिका, एक वारसा संस्था आणि एका उद्योगसमूहाचा न्यास अशा तिघांनी मिळून उभं केलं आणि २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला. खासगी मालकीचंही उदाहरण आहे. गोंडलच्या राजघराण्याचं मुंबईतलं रॉयल ऑपेरा हाउस १९९३ मध्ये बंद पडलं होतं. मालकांनी ते सावरलं आणि २०१६ मध्ये पडदा पुन्हा उघडला. आपल्याकडे राजघराण्याचा खजिना नाही हे कबूल. पण वास्तूचा मूळ वापरच परत आणला, ही त्यातली युक्ती आपल्यालाही जमण्यासारखी आहे.

भाऊबंद आणि भाडेकरू

खरं सांगायचं तर वाडे पडतात ते इथे. वारस नोंद झालेली नाही, मिळकत पत्रिकेवर पणजोबा, पाच हिस्सेदारांपैकी एक अमेरिकेत आणि एक अबोल्यात. अशा घराचा एकही अर्ज पुढे सरकत नाही, कारण सही कोण करणार? नियमावली नंतर वाचा, आधी वारस नोंद लावा. सगळे जमत नसतील तर एकाला कुलमुखत्यारपत्र द्या, नोंदणीकृत.

भाडेकरूंची बाजू वेगळी. १९४७ च्या भाडे कायद्यानं गोठलेली भाडी १९९९ चा कायदा आल्यावरही फारशी हलली नाहीत. महिन्याला पन्नास-शंभर रुपये येणाऱ्या खोलीवर मालकानं छप्पर बदलावं ही अपेक्षा वेडगळ आहे. आणि तीन पिढ्या राहिलेल्या माणसाला "आता जा" म्हणणंही तितकंच. दुरुस्तीचा खर्च वाटून घ्यायचा लेखी करार हा मधला मार्ग मी दोन ठिकाणी चाललेला पाहिला: छप्पर, पाया आणि सांगाडा मालकाचा, आपापल्या खोलीचं भाडेकरूचं, आणि नव्या व्यापारी भाड्यातला ठरलेला हिस्सा दुरुस्तीच्या खात्यात. करार स्टॅम्पपेपरवर करा, चहाच्या कपावर नको.

शेजारी हातोडा पडायला लागला तर

आधी फोटो, तारीख दिसेल असे. मग त्याच दिवशी क्षेत्रीय कार्यालयाच्या बांधकाम विभागाला आणि हेरिटेज सेलला लेखी तक्रार, यादीतला क्रमांक टाकून. विनापरवाना काम थांबवण्याची नोटीस देण्याचा अधिकार एमआरटीपीच्या ५४ व्या कलमानं नियोजन प्राधिकरणाला आहे. पत्रात ते कलम लिहा. "कारवाई व्हावी ही विनंती" यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. हे काम बहुधा शनिवार-रविवारी किंवा लागोपाठच्या सुट्ट्यांत सुरू होतं, तेव्हा ईमेलही करा. धोकादायक इमारतीची नोटीस दाखवली गेली तर तिची आणि तिच्यामागच्या ऑडिटची प्रत मागा. "धोकादायक" म्हणजे लगेच "पाडा" असं नसतं. मुंबईत तर तातडीनं रिकामी करून पाडायची, रिकामी करून दुरुस्त करायची, माणसं आत असतानाच दुरुस्त करायची, असे वेगवेगळे वर्ग आहेत.

आणि मालकाशी बोला. तक्रारीच्या आधी जमलं तर उत्तम. पाडायला निघालेल्या मालकाला वापरबदलाची सवलत असते हे ठाऊकच नव्हतं, असं एकदा प्रत्यक्ष घडलं. मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावरही असंच बोलण्यानं जमलं. तिथे विसाव्या शतकाच्या शेवटी कमानींवर बेलगाम पाट्या लटकत होत्या. दुकानदारांशी बोलून पाट्यांची जागा आणि आकार ठरवले, तेव्हा त्या कमानींच्या आत गेल्या आणि मागचे दगडी चेहरे लोकांना दिसायला लागले.

पहिला पैसा कुठे घालायचा

छपरावर, आणि फक्त छपरावर. दर्शनी भागाचं नक्षीकाम, रंग, दिवे हे सगळं नंतर. कौलं उतरवून पुन्हा शाकारा, पन्हळी साफ करा, पावसाचं पाणी भिंतीपासून लांब टाका. लाकडी खांब ज्या तळखड्यावर उभा असतो, तिथे ओल धरते का ते दरवर्षी टोकदार आरीनं टोचून बघा. आरी सहज आत गेली तर खांबाचा बुंधा गेला, तेवढाच भाग कापून नवं सागवान जोडता येतं, अख्खा खांब बदलायची गरज नसते. माडीवर नंतर काढलेल्या मोऱ्या आणि संडास हे वाड्याचे सगळ्यात मोठे शत्रू, त्यांची गळती कडीपाट खाते.

चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. चुना श्वास घेतो, ओल बाहेर टाकतो. वर सिमेंट आलं की ती ओल आतच कोंडते, विटा भुगा होतात आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात. ठेकेदार म्हणेल, "चुना आता कुठे मिळतो, आणि वेळ किती लागतो." मिळतो, आणि वेळ लागतोच. चुना आधी भिजवून मुरू द्यावा लागतो, गिलाव्यावर रोज पाणी मारावं लागतं. घाईचं काम करणाऱ्याला नम्रपणे रजा द्या.

आमच्या वाड्याचं छप्पर मृग लागायच्या चार दिवस आधी पुरं झालं. पहिल्या पावसात मामी कंदील घेऊन माळ्यावर चढल्या, बादल्या सोबत घेऊन. पहाटे खाली आल्या तेव्हा तीनच बादल्या ओल्या होत्या. त्या जागा खडूनं खुणा करून ठेवल्यात, दिवाळीनंतर कौलारू पुन्हा येणार आहे.